हॅमरवरचे दोन खंडेराव

"हा नंबर माझा नाय!"

अण्णांनी हे इतक्या मोठ्यांदा सांगितलं की समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या विमलाबाई हातातली चादर तशीच धरून इकडे बघायला लागल्या.

"तेच तर म्हणतेय मी!" हर्षाली लॅपटॉपवरून मान न उचलता ओरडली. "पॅन नंबर दुसऱ्याचा पडलाय!"

"दुसऱ्याचा म्हंजे कुणाचा?"

"ते कंपनीला माहीत!"

"आँ?"

"कंपनीला! माहीत!"

"अहो, हळू," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. ते अण्णांना ऐकू गेलं नाही, म्हणून तिने दारात येऊन आवाज चढवला. "हळू! तुमचा कर कापला हे साऱ्या सातपूरला कळलं. आता घरपट्टी किती थकली तेही सांगून टाका!"

"घरपट्टी भरली मागंच!" अण्णा म्हणाले आणि चष्मा काढून हसले.

हर्षालीचे अण्णा, म्हणजे खंडेराव भोर, मूळचे सायखेड्याचे. मिसरूड फुटायच्या वयात सातपूरला आले आणि एका फोर्जिंग कंपनीत, तापलेलं लोखंड ठोकून घडवायच्या हॅमरवर लागले. अजून तिथेच होते. हॅमरने त्यांचे कान कधी नेले ते घरात कुणाला नेमकं सांगता आलं नसतं. टीव्हीचा आवाज वाढत गेला, मग घरातल्या माणसांचाही वाढत गेला. ऐकायचं मशीन आणलं होतं, ते कपाटात पडून असे. ते लावलं की माझंच चावणं मला ऐकू येतं आणि जेवण जात नाही, असं अण्णांचं म्हणणं. त्यामुळे भोरांच्या घरात जे काही बोललं जायचं ते ओरडूनच. गॅस संपला, भाजी आणा, मामा येणार आहेत, हे ओरडून सांगता येतं. जे ओरडून सांगता येत नाही ते त्या घरात राहून जायचं, आणि राहून गेल्याचं कुणाला फारसं जाणवायचंही नाही.

त्या रविवारचा विषय मात्र ओरडण्याजोगाच होता. युनियनचा करार झाला, मागच्या सगळ्या महिन्यांचा फरक एकदम हातात आला आणि त्यावर कंपनीने कर कापला. हर्षालीने बसून पाहिलं तर तेवढा कर लागत नव्हता. रिटर्न भरलं की जास्तीचा परत मिळायला हवा होता. पण सरकारी साइटवर अण्णांच्या नावापुढे कापलेला कर दिसतच नव्हता. कंपनीने दिलेल्या फॉर्म सिक्स्टीनवर, म्हणजे पगार किती दिला आणि त्यातून कर किती कापला याच्या दाखल्यावर, नाव त्यांचं होतं आणि पॅन नंबर भलत्याचाच.

अण्णांनी कागद पुन्हा एकदा डोळ्यांजवळ नेला, मग तिच्यापुढे ठेवला.

"पैशाचं जाऊ दे, हर्षे. पण मी भरलाय तर माझ्या नावावर पायजे. बघशील का एवढं?"

तिने मान वर केली. अण्णा कुणाला काही सांगत नसत. पाणी स्वतः घेत, चप्पल स्वतः शिवत, ताप आला तर गोळी स्वतः शोधत. त्यांनी तिच्याकडे काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं.

"बघते," ती म्हणाली. आवाज चढवायचं विसरली, पण तिच्या ओठांवरून त्यांना कळलं.

मग त्यांनी मेथीची जुडी निवडायला घेतली. आवाज बंद करून क्रिकेट पाहिलं. सकाळी पहिली पाळी होती म्हणून जेवून लवकर झोपले. कुणी लक्षात ठेवावा असं त्या दिवसात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीची बस पकडायला ते उठले. चहाचं आधण त्यांनीच ठेवलं. आईला जाग आली ती पातेलं करपल्याच्या वासाने. अण्णा ओट्याशेजारी खाली बसले होते, भिंतीला पाठ टेकून, पाळी संपल्यावर माणूस बसतो तसे.

हर्षाली गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. मरणाविषयी तिने पुष्कळ वाचलं होतं. थोरामोठ्यांनी लिहिलेलं, सुंदर लिहिलेलं. त्यातलं काही त्या दिवसांत हाताला लागेना. हाताला लागला तो टेबलावर अण्णांनी ठेवलेला कागद. तेराव्याचे पाहुणे पांगले, आईने अण्णांचे कपडे घडी घालून ठेवले, आणि हर्षालीने तो कागद पर्समध्ये टाकला. त्यांनी सांगितलेलं एकच काम होतं. तेही राहिलं असतं तर तिला पुढे कुठल्याच कामाला हात लावता आला नसता.

कंपनीच्या गेटला हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसची खिडकी होती. खिडकीत शेखर नावाचा भला माणूस बसायचा.

"मॅडम, फॉर्म सिक्स्टीन एकदाच निघतो. हरवलाय का?"

"हरवला नाही. चुकलाय. दुरुस्त करून दुसरा हवाय."

"मग ते पुणं," शेखर म्हणाला, जणू पुणं हा एखादा आजार असावा. "पगाराचं सगळं काम आता तिकडं एका एजन्सीकडं दिलंय. मी इथून फक्त मेल टाकतो."

त्याने मेल टाकला. पुण्याने कळवलं की कर्मचाऱ्याने स्वतः अर्ज करावा. हर्षालीने मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद पाठवले. पुण्याने बऱ्याच दिवसांनी कळवलं की नोंदी तपासल्या, सर्व काही बरोबर आहे. अण्णा गेले ते पावसाळ्यात. आता भाद्रपद सरत आला होता. रिटर्नची नेहमीची मुदत टळून गेली होती आणि उशिराचं रिटर्न वर्षअखेरपर्यंतच भरता येणार होतं. ती पुन्हा खिडकीपाशी उभी राहिली तेव्हा शेखरलाच तिचं वाईट वाटलं.

"थांबा, मीच बघतो आपल्या सिस्टिमला. नाव सांगा पुन्हा."

"खंडेराव भोर."

त्याने कळा दाबल्या. स्क्रीनकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, परत स्क्रीनकडे पाहिलं.

"मॅडम," तो जपून म्हणाला, "हे तर हजर दाखवतंय. काल दुसऱ्या पाळीला आले, वेळेवर सुटले. पंचिंग आहे."

हर्षालीने खिडकीची कड धरली. क्षणभर, फक्त क्षणभर, तिचा त्यावर पुरता विश्वास बसला. आत, त्या पत्र्याच्या उंच शेडमध्ये, अण्णा आहेत. काल आले, डबा खाल्ला, पाळी केली. घरी यायचं तेवढं चुकलं. असं होऊ शकतं असं तिला वाटलं.

शेखरने एकदम कपाळावर हात मारून घेतला. "हात्तिच्या! थांबा. तुमचे वडील सायखेडा की घोटी?"

"आमचं गाव सायखेडा."

"गाव नाही हो, नाव विचारतोय. आत त्यांना सायखेडाच म्हणायचे. आमच्याकडं एका हॅमरवर दोन खंडेराव भोर. एक सायखेडा, एक घोटी. सायखेड्याचे वडील गोटीराम, घोटीचे गणपत, म्हणजे कागदावर के. जी. भोर दोघंही. आत सगळ्यांना पाठ आहे, पुण्याला कोण सांगणार? त्यांना वाटलं असेल एकच माणूस दोनदा पडलाय. दोघांचा कर एकाच्याच पॅनवर भरून मोकळे झाले. हे हजर दाखवतंय ते घोटी."

सायखेडा. इतकी वर्षं अण्णांना दुसरं एक नाव होतं, आणि ते शेकडो माणसांना ठाऊक होतं. हर्षालीने ते मनात एकदा उच्चारून पाहिलं.

"मग आता दुरुस्त होईल?"

"होईल. पण घोटीची सही लागेल, की हा जादाचा पगार आणि कर माझा नाही म्हणून. आणि घोटी कागदावर सही करत नाही. मागं दुसऱ्या एका कंपनीत सह्या घेऊन माणसं घरी बसवली होती. तेव्हापासून सही म्हटली की हा हात खिशात घालतो. फोनवर समजवावं तर ऐकू येत नाही." शेखरने कॅलेंडरकडे पाहिलं. "खंडेनवमीला या तुम्ही. त्या दिवशी फॅमिलीला आत सोडतात. पुण्याच्या त्या एजन्सीच्या मॅडमपण येतात पूजेला. दोघांना एकदमच धरा."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सातपूरच्या कारखान्यांत मशीनची पूजा होते. गेटला झेंडूच्या माळा, आत रांगोळ्या, धुऊन पुसून चकाकणारी मशिनं, आणि रोज तेलकट कपड्यांत असणारी माणसं इस्त्रीचे शर्ट घालून बायकापोरांना आपापलं मशीन दाखवत फिरतात. हर्षालीला गेटवर हेल्मेट मिळालं. ती शेखरच्या मागोमाग फोर्जिंग शॉपमध्ये शिरली आणि जागीच थांबली.

हॅमर म्हणजे हातोडा, एवढं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. अण्णा हॅमरवर आहेत, असं ती शाळेत सांगायची. पण हा हातोडा दुमजली घराएवढा होता. काळा, जुना, दोन पाय रोवून उभा. त्याच्या कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि त्याला घालायला एक हार पुरला नव्हता, म्हणून पाच-सहा हार एकमेकांना गाठी मारून जोडले होते. वर पाहताना तिच्या डोक्यावरचं हेल्मेट मागे सरकलं. देवळात गेल्यावर आपोआप चपला काढाव्याशा वाटतात, तसं काहीतरी तिला झालं.

"सायखेड्याची पोरगी ना तू? नाकावरून वळखली!"

बुटका, रुंद माणूस. पांढरा शर्ट. बाह्या दुमडलेल्या आणि कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक डाग, अगदी अण्णांच्या हातांवर होते तसे. दहाव्याला हे आले असतील. तेव्हा तिला माणसं दिसत नव्हती.

शेजारी पुण्याच्या साधना मॅडम फाइल घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मऊ आवाजात काहीतरी समजावून सांगितलं. त्यातला फक्त 'सही' हा शब्द घोटीला पोचला असावा, कारण त्याचा उजवा हात खिशात गेला.

"सही कशाची? मी काय राजीनामा देत नाय."

"काका!" हर्षालीने घरचा आवाज काढला. साधना मॅडम दचकल्या, रांगोळीपाशी उभ्या असलेल्या दोघी-तिघी वळल्या. "अण्णांचा कर तुमच्या नावावर पडलाय! तो परत अण्णांच्या नावावर घ्यायचाय!"

घोटीचा चेहरा उजळला. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्याच्याशी कुणीतरी नीट बोललं होतं.

"तरीच! मला मोबाइलवर सरकारचा मेसेज. सुनेनं वाचला. म्हणे तुमी दोन पगार घेतले आन् एकाचाच हिशेब दिला. म्हणलं, सरकारचं बराबर हाय. हॅमर एकट्याचा नसतोच." तो मोठ्याने हसला, आणि हसता हसता शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "ह्याचं माझं असंच चालायचं. माझ्या लग्नाला मी रजेचा अर्ज केला, रजा मंजूर झाली ह्याची. तर हा मला म्हणतो कसा, मग लग्नाला पण मीच उभा राहतो, तू पाळी कर!"

हर्षालीला हसू फुटलं. अण्णा असं काही बोलत असतील, हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तिने विश्वास ठेवला नसता.

"कुठं करायची?" घोटीने खिशातून हात काढला. हॅमरच्या पुसलेल्या अंगावर कागद धरून त्याने सावकाश सही केली, खाली कंसात 'घोटी' लिहिलं आणि कागद मॅडमकडे दिला. "घ्या. आता तरी पुण्याला कळंल कोण मेलं आन् कोण हाय."

साधना मॅडमनी मान खाली घातली. "दिवाळीनंतर दोघांचे नवीन फॉर्म पाठवते," त्या हर्षालीला म्हणाल्या. "आमची चूक झाली."

पुढे तसे ते आले. दोन वेगळी पाकिटं, दोन वेगळे नंबर. रिटर्न भरलं गेलं, कर अण्णांच्या नावावर दिसला, सगळं यथासांग झालं. पण हर्षालीच्या लेखी ते काम त्या कंसातल्या 'घोटी'शी पूर्ण झालं होतं.

ती निघणार होती. घोटीने तिला हाताने थांबवलं.

"कुठं चालली? पहिला घाव पडायचाय अजून."

पूजा झाली की त्या शॉपमध्ये प्रत्येक हॅमर पहिला घाव घालतो. तो घाव ज्याची जागा असेल त्याचा. भट्टी सकाळपासून धगधगत होती. नवा हॅमरमन, अण्णांच्या जागी आलेला, चिमटा घेऊन उभा होता, पण त्याने हर्षालीला पाहून नमस्कार केला आणि म्हणाला, "माझा नंबर पुढच्या वर्षीपासून, ताई. मी नुसता तुकडा धरतो. आजचा घाव सायखेड्याचा."

"म्हणजे मी काय करायचं?"

घोटी हॅमरच्या बाजूला, घाव सोडायच्या आपल्या दांड्यापाशी गेला. तिथून त्याने तिला सांगितलं, नेहमीच्या ओरडत्या आवाजात. हा सुरू झाला की बोलणं नसतं. तुझा बाप चिमट्यावर, मी दांड्यावर. त्यानं मान हलवली की मी घाव सोडायचा. हलका का भारी, तेपण मानेवरच. त्याचे हात आत, डायच्या साच्याजवळ. माझी नजर त्याच्या तोंडावर. मी चुकलो तर त्याचे हात गेले.

"वर्षाकाठी आमी दोन वाक्यं बोलत नसू," घोटी म्हणाला. "पण त्याच्या मानेइतकं मी माझ्या बायकोचंपण ऐकलं नाय. आता तू हलव मान."

"मला कळणार नाही!" हर्षाली ओरडली. "कधी हलवायची ते!"

"कळंल! तुकडा बसला की कळतंय!"

तिला पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभं केलं गेलं, डोळ्यांना चष्मा, कानात बोळे. ती त्या काळ्या, टांगलेल्या ओझ्याकडे पाहत राहिली. याच्याखाली अण्णांनी रोज हात घातले होते, आणि हात घालून दुसऱ्या एका माणसाकडे पाहिलं होतं. तेच हात संध्याकाळी घरी यायचे, सगळी बोटं शाबूत, आणि मेथी निवडायचे. एवढा विश्वास माणूस माणसावर टाकू शकतो, असं तिने वाचलं पुष्कळ होतं. तो रोज टाकायचा असतो, सुट्टीचा वार सोडून, डबा खाण्याआधी आणि डबा खाल्ल्यावर, हे तिला ठाऊक नव्हतं.

भट्टीचं दार वर गेलं. नव्या माणसाने चिमट्यात धरून लोखंडाचा तुकडा आणला. तो लाल नव्हता. लालाच्या पलीकडे गेलेला, पिवळसर पांढरा, बघवत नव्हता. त्याची धग तिच्या गालांना लागली. तुकडा डायमध्ये बसला.

घोटी तिच्याकडे पाहत होता. त्याच्या नजरेत दुसरं काही नव्हतं. शेड नव्हती, बायकापोरं नव्हती, हार नव्हते. तिचा चेहरा तेवढा होता. इतकं लक्ष देऊन तिच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं, आणि असं पाहणाऱ्या माणसासमोर अण्णा सगळं आयुष्य उभे होते.

तिने मान हलवली.

आवाज कानांनी ऐकला असं म्हणता आलं नसतं. तो पायांतून आला, गुडघ्यांतून वर चढला, दातांपर्यंत पोचला. छताच्या लोखंडी कैच्यांवरची धूळ सुटली, हारांतल्या पाकळ्या झडल्या, तुकड्यावरच्या जळक्या खपल्या ठिणग्या होऊन चहूकडे उडाल्या. आणि हर्षालीला तो धक्का ओळखू आला. लहानपणी अभ्यासाला बसली की जमीन अशीच खालून ठोका द्यायची; फळीवरचे पेले एकमेकांना हळूच लागायचे, वहीवर पेन हलायचं. तिला वाटायचं, सगळ्याच गावांची जमीन अशी धडधडत असते. सायखेड्याला आजीकडे गेल्यावर जमीन गप्प असायची तेव्हा तिला झोप लागायची नाही. ते हे होतं. अर्ध्या सातपूरच्या पायाखाली हे दोघं होते, एक मान आणि एक हात.

घोटी पुन्हा तिच्याकडे पाहत होता. तिने मान हलवली. घाव पडला. पुन्हा हलवली, पुन्हा पडला. आता तिला कळत होतं, कसं ते सांगता आलं नसतं, पण कळत होतं. ओबडधोबड तुकड्याला डोकं आलं, कंबर आली. दर घावागणिक तो काहीतरी होत गेला.

त्या आवाजात ती ओरडली, "अण्णा! झालं तुमचं काम!"

कुणीही वळून पाहिलं नाही. शेजारी उभ्या शेखरनेही नाही. मग ती आणखी एक वाक्य ओरडली. असं वाक्य भोरांच्या घरात कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. गॅलऱ्या समोरासमोर असलेल्या वसाहतीत ते म्हणता आलं नसतं.

शेवटचा घाव पडला आणि हॅमर वर जाऊन थांबला. शेडमध्ये एकदम इतकी शांतता झाली की फोडलेल्या नारळाचं पाणी लाद्यांवर ठिबकतानाही ऐकू यावं. घडून तयार झालेला तुकडा, अजून लाल, नव्या माणसाने हॅमरच्या पायाशी ठेवला.

घोटीने तिचे ओठ हललेले पाहिले होते. दांडा सोडून तो दोन पावलं पुढे आला आणि कानामागे हात धरला.

"आँ? काय म्हणाली तू?"

बायका पाहत होत्या, पोरं पाहत होती, पुण्याच्या मॅडम फाइल छातीशी धरून पाहत होत्या. काही नाही, असं म्हणता आलं असतं. हर्षालीने हेल्मेट काढून काखेत धरलं, कानातले बोळे काढले, आणि ज्या आवाजात गॅस संपल्याचं सांगायची त्या आवाजात, सगळ्यांच्या देखत, तिने ते पुन्हा सांगितलं.

"मी म्हटलं, अण्णा, तुम्ही मला फार आवडता!"